बंदुकीचं पोट वाचायला शिकलो, त्याची गोष्ट

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो जवळजवळ तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत.)

आजचा विषय ऐकून अर्धे जण म्हणतील, याला झालंय काय. आज बंदुकीबद्दल बोलायचंय. सिनेमातल्या नाही, पबजीतल्या तर अजिबात नाही. आपल्या मलकापूरच्या आसपासच्या गावांत एखाद्या जुन्या वाड्यात, फडताळाच्या मागे, तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते ना, ती दुनळी बंदूक. दोन नळ्या शेजारी शेजारी, वर दोन घोडे, मधे मोडून काडतूस भरायची. लायसन्सवर तिला डीबीबीएल लिहितात, लोक तिला 'बारा बोअर' म्हणतात आणि म्हातारी माणसं नुसतं 'जोडनळी'.

मी तशी एक विकत घ्यायला निघालो होतो. घेतली नाही. का नाही घेतली, आणि शेवटी कुठली घेतली, हे सांगतो. मधे एक अशी गोष्ट घडली की ती आठवली की अजूनही माझा डावा हात आपोआप मागे जातो.

आधी सुरुवातीचं थोडं. आमचं शेत मलकापूरपासून मोताळ्याच्या अंगाला आहे. मका, तूर, हरभरा, थोडी कपाशी. रोही आणि रानडुकरं काय करतात हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. एका रात्रीत मक्याचा अर्धा एकर आडवा. वडील जागलीला जातात, टॉर्च, डबे, फटाके, सगळं करून झालं. मग घरात बंदुकीचा विषय निघाला. लायसन्स माझ्या नावावर करायचं ठरलं, कारण फॉर्म भरायचा, पोर्टलवर अपलोड करायचं, ट्रेनिंगचा दाखला आणायचा, डॉक्टरचा दाखला आणायचा, हे सगळं मीच करणार होतो. दिवसभर लोकांचे फॉर्मच बनवतो मी, स्वतःचा एक भरायला काय जातंय असं वाटलं. बरंच जातं. पण तो वेगळा भाग होईल.

एक स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडण सुरू होईल. बंदूक मिळाली म्हणजे डुकराला मारायची परवानगी मिळाली असं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती वेगळी घ्यावी लागते. शेतकरी बंदूक ठेवतो ती मुख्यतः आवाजासाठी. आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहून ठेवलंय. नवरदेवाच्या मामानं हे जरूर ऐकावं.

तर लायसन्स आलं. त्याच सुमारास कळलं की आमच्या शेताच्या पलीकडच्या बांधावरचे एक आबा त्यांची जोडनळी विकणार आहेत. आबा म्हणजे वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाठ अजून ताठ. नाव सांगत नाही. त्यांच्या मुलाला बंदूक नको होती. खरं म्हणजे कायद्यात सोय आहे. लायसन्सधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की तो आपल्या वारसाच्या नावाने ते देऊ शकतो, वारसानं रीतसर अर्ज करायचा. पण मुलगा म्हणाला, मला ती कटकट नको, विका आणि त्या पैशात बोअर मारू. शेतातला बोअर. म्हणजे बंदुकीचा बोअर विकून पाण्याचा बोअर. हा विनोद आबांनीच केला होता, मी फक्त पुढे पाठवतोय.

किंमत साठ हजार ठरली. पाच हजार विसार दिला.

आता हा 'बारा' काय प्रकार आहे ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं बारा मिलिमीटर असेल. नाही. एक पौंड शिसं घ्यायचं, साधारण ४५४ ग्रॅम. त्याच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर एक गोळी ३८ ग्रॅमची होते. ती गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअर. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. आठ बोअर म्हणजे पौंडात आठच गोळ्या, जवळजवळ ५७ ग्रॅमची एक. आणि चार बोअर नावाचा राक्षस होता, त्याची गोळी पाव पौंडाची, नळी साडेसव्वीस मिलिमीटरच्या वर. आपला मोठ्या नाण्याचा आकार धरा.

एवढ्या मोठ्या नळ्या कशाला? कारण तेव्हा काळी दारू होती. तिनं गोळीला एका मर्यादेपलीकडे वेग देता येत नव्हता. वेग वाढत नाही तर वजन वाढवा, इतकं सरळ गणित. हत्ती, गवा, वाघ यांच्यासाठी साहेब लोक हे ओझं माणसांच्या खांद्यावर देऊन जंगलात फिरायचे. आपल्याकडे ही मंडळी किती आत घुसली होती बघा. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला होता, आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. अजिंठा आपल्यापासून काही फार लांब नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धूर न करणारी नवी दारू आली, बारीक नळीतूनही प्रचंड वेग मिळायला लागला, आणि आठ-चार बोअरचं काम संपलं. बारा बोअर मात्र टिकली. ती गोळीपेक्षा छऱ्यांची बंदूक आहे, आणि छऱ्यांसाठी ती मापात बसते.

काळी दारू आणि नवी दारू, हा फरक लक्षात ठेवा. सगळी गोष्ट तिथेच अडणार आहे.

आपण व्यवहाराकडे येऊ. दुकानातून बंदूक घेणं वेगळं, आणि एका लायसन्सवाल्यानं दुसऱ्या लायसन्सवाल्याला विकणं वेगळं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अट आहे की विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं की मी हे शस्त्र अमक्याला विकणार आहे, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबायचं. मगच वस्तू हातात. मला तेव्हा राग आला होता. साठ हजारांच्या वस्तूला दीड महिना? मोबाईल दहा मिनिटांत घरी येतो. आज म्हणतो, ज्यानं ते ४५ दिवस कायद्यात घातले त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

अर्ज दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी आबा म्हणाले, "चाल, तुले आवाज आयकवतो." त्यांचं शेत, त्यांचं लायसन्स, त्यांची बंदूक, बार तेच काढणार होते. मी नुसता बघायला. नाल्याच्या काठी उंच मातीचा बांध आहे, पलीकडे पडीक. आबांनी बंदूक मोडली, दोन काडतुसं घातली. लाल प्लॅस्टिकची, नवीकोरी, त्यांच्या पुतण्यानं शहरातून आणलेली. खटकन बसली. मी शूटिंग घ्यायला त्यांच्या डाव्या बाजूला, जरा पुढे, दोन हातांवर उभा. आबांनी उजवा चाप ओढला. आवाज कानात नाही, छातीत लागतो. मग डावा. बांधावरची माती उडाली, बगळे उठले, आबांच्या चेहऱ्यावर असं हसू की चाळीस वर्षं उतरली. मी तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आईनं फक्त एवढं लिहिलं, 'कानात कापूस घातला होता का'.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला परत. आणि माझा स्वभाव असा की कुठलीही वस्तू घेतली की तिची मॅन्युअल वाचायची. या बंदुकीची मॅन्युअल कुठे असणार? तर कळलं की असते. जुन्या इंग्रजी बंदुकीची मॅन्युअल तिच्या पोटावर कोरलेली असते. फक्त नळ्या उतरवून उलट्या कराव्या लागतात.

इंग्लंडमध्ये बंदूक बनली की ती विकण्याआधी प्रूफ हाउसमध्ये न्यावी लागायची. एक लंडनला आणि एक बर्मिंगहॅमला. बर्मिंगहॅमचं १८१३ मध्ये संसदेच्या कायद्यानं उभं राहिलं. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचे. नळी टिकली तर तिच्या बुडाखालच्या सपाट भागावर ठसा मारायचे. मुकुट, राजदंड, अक्षरं, आकडे. फुटली तर तिथेच फुटली, गिऱ्हाइकाच्या हातात नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत, प्रॉडक्शनला जाण्याआधीचं लोड टेस्टिंग, आणि रिपोर्ट वस्तूवरच कोरून. आम्ही एवढं प्रामाणिक कधी होणार देव जाणे.

ठसे नियमांबरोबर बदलत गेले, म्हणून ते वाचले तर बंदुकीचं वय कळतं. आणि महत्त्वाचं म्हणजे ती कोणत्या दारूसाठी तपासली होती तेही कळतं. नव्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर तसा वेगळा ठसा असतो, 'नायट्रो प्रूफ' किंवा मुकुटाखाली 'एन' आणि 'पी'. अगदी जुन्या नळीवर तो नसतो, कारण तेव्हा ती दारूच वापरात नव्हती.

दिवाळीला गावी आलो तेव्हा आबांना म्हटलं, नळ्या उतरवून बघू का. ते म्हणाले, बघ ना, तुहीच हाय आता. ओसरीवर पोतं अंथरलं. आधी दोनदा मोडून बघितली की रिकामी आहे, मग पुढचं लाकूड काढलं, नळ्या वेगळ्या केल्या, उलट्या केल्या आणि जुन्या टूथब्रशनं चाळीस वर्षांचं काळं तेल काढलं. खालून राजदंड दिसले, एकमेकांवर आडवे टाकलेले दोन, वर मुकुट. बर्मिंगहॅम. मला तर खजिना सापडल्यासारखं झालं. शेजारी आकडा, तेरा. बारा नाही, तेरा! घाबरलो, लायसन्सवर बारा लिहिलंय. नंतर कळलं, हे त्या काळचं नळीचं आतलं नेमकं माप. काडतूस बाराचंच, पण नळी आतून किंचित अरुंद राहिली तर तेरा ठोकायचे. आणि मग प्रत्येक नळीवर तीन शब्द: 'नॉट फॉर बॉल'.

हे तीन शब्द बर्मिंगहॅमला १८७५ ते १८८७ या काळातच ठोकले जायचे. अर्थ असा की नळी तोंडाशी आवळलेली आहे, तिला चोक म्हणतात, छरे एकत्र राहावेत म्हणून. अशा नळीतून अखंड गोळी मारू नका, तोंडाशी अडकेल. आता आमच्याकडे डुकरासाठी लोक काय वापरतात? अखंड गोळी. आबांनीही वापरली होती.

म्हणजे बंदूक सव्वाशे वर्षांहून जुनी. नायट्रोचा ठसा कुठेही नाही. ब्रश मारून मारून शोधला, नाही म्हणजे नाही. नळ्यांवर बारीक नागमोडी रेघा होत्या, आबा त्यांना नक्षी म्हणायचे. ती नक्षी नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून नळी बनवायचे, त्याची ती पीळ. डमास्कस म्हणतात. दिसायला फार सुंदर. पण त्या सांध्यांच्या आत शंभर वर्षांत गंज कुठे शिरलाय हे बाहेरून कळत नाही.

मग मी लाल काडतुसांचा डबा मागितला. डब्यावर लिहिलं होतं, ७० मि.मी.

इथे नीट ऐका, ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. जुन्या इंग्रजी बारा बोअरमध्ये काडतूस बसायची जागा बहुतेक वेळा अडीच इंच असते, ६५ मिलिमीटर. आजची बरीच काडतुसं ७० ची. तुम्ही म्हणाल, ७० चं काडतूस ६५ च्या खोबणीत बसणारच नाही, तर प्रश्न कुठे? बसतं. हाच प्रश्न आहे. डब्यावरची लांबी ही उडाल्यानंतरच्या उघड्या नळकांड्याची असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड असतं आणि आरामात आत जातं. बार उडाला की दुमड उघडते, पुढे पसरते, आणि जिथे नळी अरुंद व्हायला लागते तिथे जाऊन बसते. छऱ्यांना निघायच्या वाटेवर बूच. मागे दाब चढतो, आणि तो दाब तुमच्या डाव्या हाताच्या तळव्यावर असतो. आमच्याकडे म्हणतात, कोड कम्पाइल झाला म्हणजे बरोबर आहे असं नाही. इथे तेच, फक्त एरर मेसेज हाताला येतो.

अशीच आणखी एक जात सांगून ठेवतो. वीस बोअरचं काडतूस चुकून बारामध्ये टाकलं तर ते घसरून पुढे जाऊन अडकतं. नळी रिकामी दिसते. माणूस मागे बाराचं काडतूस घालतो आणि चाप ओढतो. पुढचं सांगत नाही. म्हणून आता वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात. मिसळून ठेवू नका.

म्हणजे हिशोब असा झाला. काळ्या दारूसाठी तपासलेली नळी, तिच्यात नव्या दारूचं काडतूस, तेही पाच मिलिमीटर लांब. आणि मी दोन हातांवर मोबाईल धरून उभा.

मी आबांना सांगितलं. ते हसले. "चाळीस वर्सं झाले, काई नाई झालं तिले. तुह्या मोबाईलमधले इंग्रज आता मले शिकवाले आले का?" आणि या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरंच काही झालं नव्हतं. चाळीस वर्षांचा अनुभव एका बाजूला आणि माझा पंधरा दिवसांचा अभ्यास दुसऱ्या बाजूला.

मग नळ्या उचलून आकाशाकडे धरल्या आणि आतून बघितलं. उजवी ठीक, बुडाशी थोडे खड्डे. डावीत, तोंडापासून चार-पाच बोटांवर, एक काळी कडी दिसत होती. अंगठीसारखी. नळी फिरवली तरी कडी तिथेच. बाहेरून बोट फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बोटाला कळतं, जरासा उंचवटा. फुगलेली होती नळी. मी आबांचं बोट धरून तिथून फिरवलं. ते एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, लई वर्षांपूर्वी, पावसाळ्यातली रात्र होती, जागलीला असताना बांधावरून पाय घसरला आणि नळी चिखलात रुतली. काढली, पुसली, आणि डुकरं दिसली म्हणून बार काढला. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे, चपलेला चिकटली तर सुरीनं काढावी लागते. नळीच्या तोंडात अशी मूठभर माती म्हणजे बूचच. त्या रात्री ती फुटली नाही, फुगली. तेव्हापासून ती तशीच वापरात.

मी म्हटलं, आबा, मी ही घेऊ शकत नाही. भिंतीवर लावायला साठ हजार माझ्याकडे नाहीत, आणि चालवायला ही द्यायची तर वडिलांच्या हातात मी देणार नाही.

आबांना वाईट वाटलं. किमतीचं तर होतंच. पण मी त्यांच्या बंदुकीला खोटी म्हटलं, असं त्यांना लागलं. बोअरवाल्याला शब्द देऊन झाला होता. विसार मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही. एका परवानाधारक दुकानदारानं बघितली, तोही तेच म्हणाला, आणि जो भाव सांगितला त्यात बोअरचं केसिंगसुद्धा आलं नसतं. आमच्या घरी त्यांचं येणं बंद झालं. वडील मला म्हणाले, तू बरोबर असशील, पण शेजार पन्नास वर्षांचा आहे.

महिनाभरानं रात्री साडेनऊला आबांचा फोन आला. स्वतःहून. म्हणाले, दुसऱ्या तालुक्यातला एक माणूस आलाय, लायसन्सवाला, पंचावन्न हजार द्यायला तयार आहे, त्याला फक्त डुकरासाठी पाहिजे. त्यानं नळीत बघितलं नाही. मग थांबले आणि म्हणाले, "मले सांग पोरा, सांगू का नोको त्याले?"

मी काय बोलणार. पंचावन्न हजार माझे नव्हते. बोअर माझा कोरडा राहणार नव्हता. मी म्हटलं, आबा, तुमची बंदूक, तुमची मर्जी. हे मी भित्र्यासारखं बोललो, मला माहीत आहे. पलीकडून ते म्हणाले, "हाव. ठेव." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वडिलांकडून कळलं. आबांनी त्या माणसाचं बोट धरून डाव्या नळीवरून फिरवलं होतं. तो माणूस चहा पिऊन निघून गेला. रब्बीला आबांनी बोअर मारला नाही, शेजारच्या विहिरीतून पाण्याच्या पाळीवर अर्धाच हरभरा केला.

माझं पुढचं थोडक्यात. मी दुसरी बंदूक दुकानातून घेतली, म्हणून पुन्हा ४५ दिवस नव्हते. वेब्ली अँड स्कॉटची बारा बोअर, दुनळी, घोडे आत लपलेले. हीही बर्मिंगहॅमचीच. बाहेरून बंदुका आणायला आपल्याकडे १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला बंदी आहे, आणि या कंपनीनंही १९७९ मध्ये शॉटगन बनवणं थांबवलं. म्हणून देशात ज्या आहेत त्याच हातोहात फिरतात, आणि नावावर भाव चढतो. दुकानदार मला दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड दाखवत होता, मी म्हटलं नळ्या उतरवा. नायट्रोचा ठसा होता. अडीच इंच लिहिलेलं होतं. आकाशाकडे धरून बघितलं, कडी नव्हती. मिटल्यावर कानाशी धरून हलवली, खडखड नव्हती. मगच लाकूड बघितलं. लाकूड खरंच छान आहे. पैसे आबांच्या बंदुकीच्या दुप्पट गेले, त्याचा हप्ता अजून चालू आहे.

लायसन्सवर नोंद झाली. कायद्यानं आता एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, २०१९ पर्यंत तीन ठेवता यायची. मला एकच पुरे.

पहिला बार शेतात काढायचा नाही असं ठरवलं होतं. रेंजवर जायचं, शिकवणाऱ्यासमोर. जायच्या आदल्या दिवशी वडील म्हणाले, आबांना विचार. मी घाबरत विचारलं. ते पांढरं धोतर, कोट आणि टोपी घालून सकाळी सहालाच ओट्यावर तयार बसले होते.

रेंजवर मातीच्या चकत्या उडवतात, ११० मिलिमीटरच्या, भगव्या. या खेळात दोन नळ्यांना फार अर्थ आहे. दुनळीला चाप दोन असतात. पुढचा सहसा उजव्या नळीचा, तिचं तोंड जरा मोकळं, छरे लवकर पसरतात, म्हणून जवळच्या नेमाला. मागचा डावीचा, ती आवळलेली, लांबच्या नेमाला. पहिली चुकली तर दुसरी तयार, बोट फक्त इंचभर मागे सरकवायचं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांना रौप्य मिळालं ते डबल ट्रॅपमध्ये, एकाच वेळी दोन चकत्या आणि दोन बार. टीव्हीवर सोपं दिसतं.

मी उभा राहिलो. शिकवणाऱ्यानं सांगितलं, दस्ता खांद्यात घट्ट, गाल लाकडावर, दोन्ही डोळे उघडे, चकतीकडे बघ, नळीकडे नाही. कानांवर मफ. मी काडतुसांच्या डब्याकडे हात नेला तर डबा तिथे नव्हता.

आबांच्या हातात होता. चष्मा कपाळावरून खाली ओढून, डबा उन्हात धरून ते बारीक अक्षरं वाचत होते. एक बाजू वाचली. उलटा केला, दुसरी वाचली. मग माझ्या हातातल्या मोडलेल्या बंदुकीकडे बघून म्हणाले, "खाली काय लिवलंय हिच्या?"

"अडीच इंच, आबा."

"म्हंजे पासष्ट."

"हो."

त्यांनी डब्यातून दोन काढली, एकेक माझ्या तळहातावर ठेवली आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले, माझ्या डावीकडे नाही, बरोबर मागे.

"घाल," म्हणाले.

पहिल्या सहा चकत्या मी चुकवल्या. सातवीचा कोपरा उडाला.